पंचवीसवर अडलेली स्कूटर

नेकनूरच्या आठवडी बाजारात शेळ्यांची खरेदी-विक्री करून मी घर बांधलं. त्या बाजाराने मला एकच गोष्ट शिकवली: सौदा ठरायच्या आधी समोरचा जे बोलतो ते भावासाठी बोलतो. शेळी विकायचीच नव्हती, घरचे रडायला लागलेत, असलं काहीही सांगतो. ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

बॅटरीवरची स्कूटर घेताना मात्र मी ऐकलं. दुकानदार म्हणाला, हिला लायसन लागत नाही. लायसनच्या ऑफिसात माझं दोनदा भांडण झालेलं, त्यामुळे मला ते गोड लागलं. का लागत नाही, हे त्याने सांगितलं नाही. रस्त्यावर आल्यावर कळलं. काटा पंचवीसवर गेला की पुढे सरकत नाही. मूठ पिळा, शिव्या द्या, गाडी आपल्या चालीने जाणार. त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही.

तरी चालवून घेतलं असतं. पण माझा साडू त्याच बाजारात तोच धंदा करतो आणि त्याच्याकडे टेम्पो आहे. बाजारात जो आधी पोचेल त्याला चांगली शेळी, मागून येणाराला उरलेली. दर आठवड्याला साडू मला त्याच चढावर गाठायचा, वेग कमी करून शेजारून चालवायचा आणि काच खाली करायचा.

"पाव्हणं, पाय टेकवून ढकला जरा. मदत व्हईल तिला."

एकदा तरी त्याच्या आधी पोचायचं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

बीडच्या एका मिस्त्रीने स्कूटर उघडली. वेग अडवणारी एक वायर असते, ती तोडली की झालं, म्हणाला. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून त्याने विचारलं, "रोज लांब जाता का?"

"कावून?"

"पळंल लई, पण चार्जिंग निम्म्यात सरंल. मोठी बॅटरी टाका. आन् मग लायसनबी लागंल बरं का."

मी मनात हसलो. अजून मजुरी ठरली नव्हती, म्हणजे हे सगळं भावासाठी. "बॅटरी तुझ्याजवळच ठेव बे," मी म्हणालो. "वायर तोड."

त्याने तोडली.

पुढच्या बाजारी मी पहाटेच निघालो. स्कूटर अशी पळाली की माझी टोपी शर्टात कोंबावी लागली. वाटेत एक एसटी मागे टाकली, तेव्हा ड्रायव्हर माझ्याकडे वळून बघत होता. साडूचा टेम्पो त्याच्या दारातच उभा दिसला. मी हॉर्न वाजवून पुढे गेलो.

त्याच चढावर स्कूटर गपगार झाली. चार्जिंगचा एकही दांडा उरला नव्हता.

थोड्या वेळाने साडू आला. काच खाली झाली. "काय झालं वं?"

"वायर तोडली. पळती लई, पण बॅटरी पुरत न्हाई," मी खरं तेच सांगितलं. त्याने मान हलवली. मग खाली उतरला, खांद्यावरचा रुमाल आपल्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला. आमच्या बाजारात सौदा असाच होतो. भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. इथे बघायला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी मी रुमालाखाली हात घातला. त्याने तीन बोटं दाबली. म्हणजे टेम्पोत घेण्याच्या बदल्यात बाजारात पहिल्या तीन शेळ्या तो निवडणार, मग मी. मी दोन दाबली. बराच वेळ आमची बोटं भांडत राहिली. शेवटी दोनवर ठरलं. स्कूटर टेम्पोत चढली.

बाजारात टेम्पोतून शेळ्यांच्या जागी स्कूटर उतरली, तसा एक दलाल जवळ आला आणि त्याने रुमाल पुढे केला. राग इतका होता की मी हात मागे घेतला नाही. किती ठरलं ते रुमालाखालीच राहू द्या. दलाल कोणासाठी घेतो ते विचारायची रीत नाही.

परत येताना स्कूटर पुन्हा टेम्पोत दिसली, तेव्हा कळलं. डिझेलला कंटाळलेल्या साडूनेच ती घेतली होती.

"बॅटरीचं मी सांगितलं होतं न्हाई का?" मी विचारलं.

"तुमी चार्जिंगला लावायचंच इसरला असाल," तो म्हणाला. "टेम्पोत आयती जागा मिळावी म्हणून तुमी बॅटरीचं सांगितलं, असं वाटलं मला. धंद्यातली माणसं आपण, कळत न्हाई व्हय?"



पुढच्या बाजाराला मी भाड्याचा टेम्पो केला. त्या चढावर साडू स्कूटरला टेकून उभा होता. लांबूनच त्याने हात केला. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि काच खाली केली.

"पाव्हणं, गाडी थांबली," साडू म्हणाला.

"चार्जिंगला लावली न्हवती का?"

मी खाली उतरलो, हातावर रुमाल टाकला आणि पुढे केला. त्याने मुकाट्याने हात आत घातला. मी त्याची पाचही बोटं धरून दाबली.