पाचव्या तारेची थाप

नगारा वाजवावा तर अमरसिंगनं, असं अख्खा तांडा म्हणायचा. पोहरादेवीच्या जत्रेत मंडळाचं भजन त्याच्या थापेनं सुरू व्हायचं. रीतच तशी, पहिली थाप मोठ्या माणसाची. पण मागे लकव्यानं त्याचा उजवा हात नेला. एक बोट तेवढं हलायचं, तेही बोटाच्याच मर्जीनं. नगारा कोपऱ्यात पालथा पडला, मंडळ पेटीवरच भजन सुरू करू लागलं आणि अमरसिंग जत्रेत सगळ्यांच्या मागं बसू लागला.

त्याची पोरगी रंजीता जवळच्या मालेगावात मोबाइलच्या दुकानात कामाला. यंदा तिनं पगारातून साठवून बेस गिटार मागवली. स्वस्तातलीच, पण पाच तारांची.

शेजारच्या हिरीबाईला राहवलं नाही. "चार तारांची बी भेटते म्हणे. तुले पाच कायले पायजे?"

"पाचवी सगळ्यात जाड असते, काकी. नगाऱ्यासारखी घुमते. बा गेल्यापासून, म्हणजे बा मागं बसल्यापासून, मंडळात तो आवाजच नाही."

खाटेवरच्या अमरसिंगनं हे ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पोरीसमोर डोळे कसे पुसायचे?

आता स्वस्तातला माल म्हटला की नखरे आलेच. जाड तार छेडली की दांड्यावरच्या पट्ट्यांना घासून फडफडायची. दांड्याच्या आत लोखंडी सळई असते, ती पान्यानं कसायची, असं रंजीतानं मोबाइलवर पाहिलं. ती रोज कसत गेली आणि फडफड वाढतच गेली. जत्रा तर तोंडावर आलेली.

अमरसिंगचा जीव तुटायचा. नगारा बोलेनासा झाला की काय करतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. ऊन दाखवून कातडं ताणायचं, बस. पोरगी कामावर गेली तशी त्यानं डाव्या हातानं गिटार छातीशी धरून अंगणात आणली, चैताच्या उन्हात खाटेवर निजवली आणि दुपारभर राखण करत बसला. कोंबडीलाही जवळ फिरकू दिलं नाही.

संध्याकाळी रंजीतानं पाहिलं, तर दांडा पुढं वाकलेला. तारा इतक्या वर आलेल्या की दाबता येईनात.

"बा, हा काय नगारा आहे? समजत नाही तं हात काहून लावता?"

अमरसिंग खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. जेवलाही नाही. सकाळी एवढंच म्हणाला, "तुमी जा जत्रेले. मी घर राखतो."

जीभ चावून काय उपयोग, शब्द तर सुटून गेलेला. रंजीता पाना घेऊन त्याच्यापुढं बसली. "धरा बरं, बा. मले एकटीले जमत नाही."

त्यानं गिटार गुडघ्यात धरली. तिनं सळई हळूहळू कसली, तारा खाली आल्या. जाड तार छेडली. फडफड नाही, नुसती घुमली.

"मीच सळई लय कसून दांडा मागं वाकवला होता," रंजीता म्हणाली. "तुमच्या उन्हानं तो पुढं आला, म्हून आता थोडं कसून सरळ झाला. चला आता."

पोहरादेवीला पेटीवाला सुरू करणार, तोच तिनं त्याला थांबवलं. मागं जाऊन बापाला पुढं आणलं आणि मंडळाच्या स्पीकरला जोडलेली गिटार त्याच्या मांडीवर टेकवली.

"माह्या हातात थाप नाही राह्यली, माय."

"थाप नका देऊ. एक बोट पायजे."

अमरसिंगनं बोट पाचव्या तारेखाली घातलं. ते तिथंच अडलं. अख्खं मंडळ थांबून राहिलं, कोणी घाई केली नाही. मग तार सुटली, आणि तो आवाज त्याच्या मांडीतून छातीत गेला.

त्याच्यामागं भजन सुरू झालं.