बारा लाख नव्व्याण्णव हजार सातशे नऊ

मूळ संख्येला मरण नाही, असं काशीनाथदादा म्हणत. कर्जतहून रसायनीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, तोंडात वडा असताना म्हणत, त्यामुळे वाक्याचा दरारा जरा कमी व्हायचा.

दादा वजनकाट्यावर होते, शिक्षण दहावी. शेजारी बसत ते गोदामातले बबनराव. दोघांचा एक खेळ होता. एकाने दोन मूळ संख्यांचा, म्हणजे ज्यांना एक आणि त्या स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशांचा, गुणाकार चिठ्ठीवर लिहून द्यायचा. दुसऱ्याने तो दुसऱ्या दिवशीपर्यंत कॅल्क्युलेटरशिवाय फोडायचा. फोडला तर खिडकीची जागा त्याची. "फुटतो रं," दादा म्हणत. "दगड फुटतो, मानूस फुटतो, नंबर काय मोठा लागून गेला?"

एका शनिवारी बबनराव उतरले आणि त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी सीटवर राहिली: १२९९७०९. रविवारी झोपेतच बबनराव गेले.

सोमवारपासून दादा त्या आकड्याला रोज फक्त एका नव्या मूळ संख्येने भागू लागले. एरवी बसच्या एका फेरीत वीस उरकत. खिडकीची जागा रिकामी. कोणी बसायला आलं की म्हणत, "अजून फुटला नाय." मग तिकडे मान वळवून, हळूच: "त्रेचाळीसनं नाय गेला रं. बाकी चौतीस." चौक गावाच्या वळणावर त्या सीटवर ऊन येई, तेव्हा दादा पडदा ओढत. मी कंपनीच्या प्रयोगशाळेत, त्याच बसने जाणारा; माझा भुतांवर विश्वास नाही. पण त्या सीटवर मी कधी पिशवीसुद्धा ठेवली नाही.

अकराशे एकोणतीसपर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही, तर हा आकडा मूळच, असं गणित सांगतं. तिथं पोचायला आठ महिने लागले. बाकी दोनशे तीस. दादांनी नवीन पान काढलं आणि पुन्हा दोनपासून सुरुवात केली.

मी प्रयोगशाळेतल्या संगणकावर तपासलं आणि सांगितलं, "दादा, ही मूळ संख्या आहे. फुटणार नाही."

"मंग बबन चुकला म्हंतोस?"

"माणूस चुकतो, दादा."

"तुमच्या लॅबमदी चुकत असंल. बावीस वर्सांत त्यानं एक नंबर चुकीचा दिला नाय. मीच कुठं तरी चुकतोय." वही मिटत म्हणाले, "नाय फुटला तर ती जागा मला भेटायची नाय. आन त्याला पन सुटका नाय."

भागाकाराच्या तिसऱ्या फेरीत, सहाशे तेरावर, दादा गेले.

दिवसकार्याला बबनरावांची बायको आली होती. दादांची वही घरच्यांनी मला दिली होती. तो आकडा मी तिला दाखवला. आवाज जमेल तितका गंभीर ठेवला.

"अवो, ह्यो तर आमच्या गॅसचा नंबर," ती म्हणाली. "सिलिंडर लावायला लिवून नेला व्हता त्यांनी. मंग मीच पुस्तक घेऊन गेले आन लावला."

बबनरावांच्या तेराव्याचं जेवण त्याच सिलिंडरवर झालं. दादा पंगतीला होते. त्यांनी दोनदा भात घेतला.