पाऊण इंच

देवळाली कॅम्पात एक निवृत्त मेजर राहत. दुसऱ्या महायुद्धातली चाकांची एक चिलखती गाडी त्यांनी लिलावातून भंगाराच्या वजनावर घेतली आणि तीन वर्षं खपून उभी केली. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. मोजमाप हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि बराचसा स्वभावही. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. दर रविवारी मी बसने त्यांच्या शेडमध्ये जात असे.

सगळं झालं होतं, क्लच तेवढा राहिला होता. त्यासाठी मेजरसाहेबांनी नाशिकरोडहून एक मिस्त्री बोलावला. मूळचा चांदवडकडचा, चाळिशी उलटलेला. भाड्याच्या जागेत ट्रक दुरुस्त करायचा, आणि ती जागा मालकाने परत मागितली होती. मेजरसाहेबांच्या ओळखीच्या एका वाहतूक कंपनीला वर्कशॉपसाठी फोरमन हवा होता. सव्वीस जानेवारीच्या संचलनात ही गाडी चालणार होती आणि कंपनीचे मालक ते पाहायला येणार होते. गाडी नीट चालली की तुझं नाव त्यांच्यापुढे करतो, असं मेजरसाहेबांनी मिस्त्रीला सांगितलं होतं. मिस्त्री त्या गाडीवर दुप्पट राबला तो यासाठी.

नवी क्लचप्लेट मिळणं शक्यच नव्हतं. मिस्त्रीने ट्रकच्या लायनिंगमधून, म्हणजे घासून पकड घेणाऱ्या जाड अस्तरातून, गोल कडी कापली आणि जुन्या प्लेटवर हाताने रिव्हेट केली. रिव्हेटचं डोकं पुरेसं खाली गेलंय की नाही, हे तो नखाने पाही. मी खोली मोजायच्या डेप्थ गेजने पाहिलं. चोवीसपैकी तेवीस बरोबर निघाली. चोविसाव्यावर त्याने माझ्याआधीच खडूने फुली मारून ठेवली होती.

"इन्स्पेक्टरसाहेब," तो म्हणाला, "लग्नात हार घालताना वहिनीच्या गळ्याचं माप घेतलं व्हतं का?"

मेजरसाहेब हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

गिअरबॉक्स परत चढवल्यावर पेडल लावायचं राहिलं. क्लचचं पेडल दाबताना सुरुवातीला थोडं मोकळं चालतं. ती मोकळीक उरली नाही तर क्लच पुरता पकडत नाही, घासत राहतो आणि जळतो. मिस्त्रीने पेडलखाली बोटं धरून मोकळीक ठरवली. मी फूटपट्टी लावली, तर ती पावणेदोन इंच भरली. मेजरसाहेबांच्या जुन्या पुस्तकात स्पष्ट एक इंच लिहिलं होतं. मी तसं सांगितलं. त्यावर तो म्हणाला की हाताने बसवलेलं लायनिंग सुरुवातीला दबतं, तेव्हा मोकळीक आपोआप कमी होते, म्हणून जास्तीची ठेवलीय.

"पुस्तक कंपनीच्या प्लेटचं हाय," तो म्हणाला. "ही माझी प्लेट हाय."

अंदाजाने काम करणाऱ्यांची अशी उत्तरं मी कारखान्यात रोज ऐकत होतो. हेही मी त्यातच जमा केलं.

पुढच्या रविवारी मिस्त्री भाचीच्या साखरपुड्याला गावी गेला होता. दुपारी जेवून मेजरसाहेब आडवे झाले. मी पाना घेऊन गाडीखाली गेलो, वरून आवळून धरणारा चेकनट सैल केला, फिरवायचा नट चार आटे फिरवला, बाहेर येऊन मोजलं, पुन्हा आत जाऊन अर्धा आटा फिरवला. बरोबर एक इंच. त्या दिवशी घरी जाताना मी खुशीत होतो. मिस्त्रीला भेटल्यावर सांगायचं ठरवलं होतं. पण संचलनाआधी आमची भेट झाली नाही, आणि निरोप ठेवावा एवढं ते मला महत्त्वाचं वाटलं नाही. मधल्या दिवसांत मेजरसाहेब रोज सकाळी गाडी चालवून सराव करत होते.

संचलनात मैदानाच्या चढावर गाडीचं इंजिन गरजलं आणि गाडी जागीच राहिली. आधी वास आला, मग धूर. सहा शिपायांनी ढकलत ती बाजूला नेली. लोक हसत होते. कंपनीचे मालक पहिल्या रांगेत होते.

मिस्त्रीने पेडल हाताने दाबून पाहिलं. मोकळीक उरलीच नव्हती. तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याने आम्हा दोघांना विचारलं, "याला कुनी हात लावला व्हता का?"

मेजरसाहेब नाही म्हणाले. मग मी नाही म्हणालो.

"ट्रकचं लायनिंग," मेजरसाहेब म्हणाले. "तिथंच चुकलं."

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. मग खाली बघून हात पुसत राहिला.

फोरमनची जागा दुसऱ्याला मिळाली. होळीच्या आत मिस्त्रीने नाशिकरोडची जागा सोडली आणि तो चांदवडला गेला. मुलांच्या परीक्षांचं कारण सांगून मी शेडवर जाणं बंद केलं. दोन वर्षं हे मी कोणाला बोललो नाही. शेवटी एका संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे मला का सांगताय?"

त्यानंतरच्या रविवारी मी आधी मेजरसाहेबांकडे गेलो. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. तिथून तसाच चांदवडची एसटी पकडली.

हमरस्त्याला लागून पत्र्याची शेड होती. मिस्त्री शेतातल्या पाण्याचे पंप दुरुस्त करत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, चार आटे आणि वर अर्धा, हेसुद्धा. त्याने काम थांबवलं नाही.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "नटाखालनं उघडे पडलेले आटे नवे चमकत व्हते. तुमच्याबिगर इतकं मोजून कोन फिरवनार?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी ईचारलं व्हतं की."

मेजरसाहेबांना सांगून आलोय, असं मी म्हणालो. बरं केलं, असं तो म्हणाला, आणि बाहेर थांबलेल्या शेतकऱ्याला त्याने आत बोलावलं.