धुऱ्यावरची तूर आणि साहेबांचा ड्रोन

ड्रोनला हार घालायचा की नुसता नारळ फोडायचा, यावर आमच्या साहेबांचं आणि सरपंचांचं एकमत होईना. शेवटी दोन्ही करायचं ठरलं. हार पंख्यात अडकेल, असं ड्रोनचा पायलट म्हणाला, तेव्हा साहेबांनी तो बॅटरीच्या पेटीला घातला. टाळ्या झाल्या. ऊन वर चढत होतं, आणि मुख्य म्हणजे वारा सुटत होता.

मी कृषी सहायक. मुंबईतून निघालेली प्रत्येक योजना एकेक टेबल उतरत खाली येते आणि माझ्या डोक्यावर येऊन बसते, कारण माझ्याखाली कोणी नाही. राहते गोंदियाला लागून फुलचूरमध्ये, नोकरी जंगलाकडच्या गावांत. गावाचं नाव सांगत नाही. मला पेन्शन पाहिजे.

ही योजना धानाची उत्पादकता वाढवायची होती. उत्पादकता म्हणजे जमीन तेवढीच, माल जास्त. त्यासाठी गावातला एक सलग पट्टा निवडून त्यावर ड्रोननं तणनाशक मारायचं. तणनाशक रुंद पानांच्या तणासाठी होतं. धान म्हणजे गवताच्या जातीचं, पान अरुंद, म्हणून ते वाचतं. रुंद पान दिसलं की औषध त्याला मारतं. आता आमच्याकडची शेती कशी असते तेही सांगते. शेताला आम्ही बांधी म्हणतो. बांधीत पाणी, पाण्यात धान, आणि चारी बाजूंनी मातीचा धुरा. त्या धुऱ्यावर घरोघरी तूर लावतात. वर्षभराचं वरण त्या धुऱ्यावर उभं असतं. आणि तुरीचं पान रुंद असतं.

"सर, वारा आहे. आज नको," मी म्हटलं.

"मॅडम, जिल्ह्याला फोटो आजच पाठवायचे आहेत."

"धुऱ्यावर तूर आहे, सर. औषध उडालं तर तूर जाईल."

"धुऱ्यावर कोण मारतंय? बांधीत मारतोय आपण." एवढं बोलून साहेब पायलटकडे वळले. "जरा वर घ्या हो. फवारा दिसला पाहिजे फोटोत."

पायलट नागपूरचा पोरगा. "सर, उपर लिया तो उडेगा," तो बिचारा म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं ड्रोन वर घेतला. फवारा छान दिसला. अख्खा गाव बघत होता. पांढरा धूर तिरपा होऊन धुऱ्यांवरून शेजारच्या बांधीपर्यंत गेला, आणि फोटो, खरं सांगते, फारच सुंदर आले.

आठवडाभरात कौतिकाबाईचा फोन आला. कौतिकाबाई मेश्राम म्हणजे गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. तिची बांधी त्या पट्ट्याच्या बरोब्बर मधोमध. बाई फोनवर 'हॅलो' म्हणत नाही, सरळ भांडणाला सुरुवात करते.

"मॅडम, तुमी का करून राह्यले? तूर मुरडून राह्यली माही!"

मी गेले. शेंडे वळले होते, पानांच्या वाट्या झाल्या होत्या, खोडं वाकडी. एका धुऱ्यावर नाही, पट्ट्यातल्या सगळ्या धुऱ्यांवर. धान मात्र मधे हिरवंगार डुलत होतं. मला तिथंच रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. ऑगस्ट सरत होता. आता नव्यानं तूर पेरून काही उपयोग नव्हता.

"सालभर लेकराईच्या ताटात का वाढू मी? तुमच्या ड्रोनचा फोटो?" कौतिकाबाई म्हणाली. मी पंचनामा करायचं कबूल केलं.

पंचनामा म्हणजे नुकसान पाहून लिहून घेणं. लिहून घेतलं आणि साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी चष्मा लावला.

"तुरीखालचं क्षेत्र किती?"

"सर, धुऱ्यावरची तूर आहे. तिला वेगळं क्षेत्र नसतं."

"मग नुकसानीचं क्षेत्र?"

"सर, झाडं मेलीत सगळी."

"झाडं नका सांगू. क्षेत्र सांगा. सातबाऱ्यावर काय पीक आहे? धान. धान मेलं का? नाही. मग लिहा, निरंक."

निरंक हा सरकारी भाषेतला फार गुणी शब्द. त्याचा अर्थ काहीच नाही. तो लिहिला की गेलेली वस्तू मुळात नव्हतीच असं होतं. साहेबांनी तो स्वतःच्या हातानं लिहिला आणि मला चहा पाजला.

नोव्हेंबरात धान पिकलं. पीक कापणी प्रयोग ठरला, म्हणजे शेताचा एक मोजलेला तुकडा कापायचा, झोडायचा, वजन करायचं आणि त्यावरून सगळ्यांचं उत्पन्न ठरवायचं. जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः येणार होते. वजन भरलं, आणि मागच्या वर्षीपेक्षा जास्त भरलं! पाऊसही यंदा वेळेवर पडला होता, पण पावसाला हार कोण घालतो? आमचे साहेब मोठ्या साहेबांना सांगत होते, "सर, निंदणाची मजुरी शंभर टक्के वाचली." निंदणाला, म्हणजे हातानं तण काढायला, जाणाऱ्या बाया मागेच उभ्या होत्या. त्यांची मजुरी वाचली नव्हती, गेली होती, पण हा फरक बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

जेवण बचत गटाकडे होतं. समाजमंदिराच्या ओसरीवर पंगत बसली. पाहुण्यांना आमच्याकडे पोटभर वाढतात, नको म्हटलं तरी वाढतात. कौतिकाबाईनं मोठ्या साहेबांच्या ताटात भाताचा हा एवढा ढीग घातला. बाजूला चिमूटभर मीठ आणि एक हिरवी मिरची. मग ती पुढच्या ताटाकडे गेली. तिथंही भात, मीठ, मिरची. सगळे वाट पाहत बसले. तिच्यामागून भांडं घेऊन कोणीच येईना.

"वरण?" मोठ्या साहेबांनी शेवटी विचारलं.

"वरन नाई, साहेब."

"का हो?"

"तूर धुऱ्यावर होती. ते तुमच्या ड्रोननं मारली. मांगच्या सालची मुठभर दाळ आहे, ते आता दोन साल पुरवाची हाय आमाले. तुमी भात घ्या ना! उत्पन्न वाढलं ना? पायजे तेवढा घ्या." आणि तिनं आमच्या साहेबांच्या ताटात आणखी एक डाव भात उपडा केला. "घ्या साहेब, लाजू नोका."

पंगतीत कोणी हसलं नाही. मी तोंडाला पदर लावला, खोकल्यासारखं केलं. मोठे साहेब कोरडा भात चावत आमच्या साहेबांकडे पाहत होते.

"नुकसानीचा रिपोर्ट?"

"सर... निरंक आहे."

"निरंक," मोठे साहेब म्हणाले आणि ताटातल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. "याची दखल घ्या."

बाप्पा, किती बरं वाटलं मला! कौतिकाबाईला काहीतरी मिळेल, निदान तूरडाळीचं एखादं पोतं, असं मी धरूनच चालले होते.

दखल घेतली गेली. उन्हाळ्यात परिपत्रक आलं. ड्रोन फवारणीच्या गावांत शेतकऱ्यांनी धुऱ्यांवर कोणतंही पीक घेऊ नये, कारण त्यामुळे फवारणीत अडथळा येतो. डाळ नाही, भरपाई नाही. तुरीलाच गुन्हेगार ठरवून मोकळे. आणि त्याच टपालात, त्याच ऑफिसच्या शेजारच्या टेबलावरून, दुसरा कागद आला. कडधान्य वाढवा अभियान. धुऱ्यांवर तूर लावण्यासाठी बियाण्याच्या पिशव्या वाटा. गाव तेच. दोन्ही टार्गेट माझ्या नावावर.

मी दोन्ही कागद घेऊन गावात गेले आणि बायांसमोर वाचून दाखवले.

"मंग आमी का करावं?" कौतिकाबाईनं विचारलं. "तूर लावावं का नाई?"

"लावा," मी म्हटलं. "आणि ड्रोन आला की आपापल्या धुऱ्यावर जाऊन उभ्या राहा. माणसांवरून ड्रोन उडवायचा नाही, असा नियम आहे. तोही छापील आहे."

पावसाळ्यात ड्रोन आला. धुऱ्याधुऱ्यावर बाया उभ्या होत्या, छत्र्या घेऊन, गप्पा मारत. पायलटनं सगळा पट्टा बघितला, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, मैं क्या करूँ?" मी म्हटलं, नाश्ता कर. पोहे खाऊन, ड्रोन गाडीत भरून तो नागपूरला गेला. बायांनी निंदण हातानं केलं, मजुरी घेतली.

धान त्याही वर्षी बरं झालं. वर कळवलं की फवारणी पूर्ण. तूर लावल्याचंही कळवलं, ते खरं होतं. साहेब खूश झाले, दोन्ही टार्गेट शंभर टक्के. जानेवारीत कौतिकाबाईनं तूर झोडली आणि नव्या डाळीचं वरण खायला मला घरी बोलावलं.

माझ्या गोपनीय अहवालात मात्र साहेबांनी शेरा मारला, 'नवीन तंत्रज्ञानाबाबत उत्साह कमी.' बरोबर आहे. हल्ली गावात नवं यंत्र आलं की मी आधी एवढंच विचारते, की याच्या वाटेत कोणाचं जेवण उभं आहे. हा प्रश्न विचारला की मीटिंग लांबते, आणि साहेबांना घाई असते.