पुढच्या साली बॅकलाइन टाइट

नाशिक जिल्ह्यात आमच्या घरमालकांइतका आशावादी माणूस दुसरा नसेल, आणि त्यांच्या आशावादामुळे माझी मान जितक्या वेळा खाली गेली आहे तितकी दुसऱ्या कुणाच्या निराशेमुळे गेलेली नाही. गैरसमज नको. कांद्याच्या भावाबद्दल ते आशावादी नाहीत. कॉलनीच्या रस्त्याबद्दल नाहीत, नळाच्या पाण्याबद्दल नाहीत, स्वतःच्या गुडघ्यांबद्दल तर अजिबात नाहीत. डॉक्टर म्हणाले गुडघा सुधारेल, तर ते डॉक्टरांकडेच दयेने बघतात. जन्मतः त्यांच्या वाट्याला जो काही विश्वास आला तो सगळाच्या सगळा त्यांनी एका जागी ठेवला आहे. ती जागा म्हणजे आमच्या कॉलनीच्या फुटबॉल संघाची बचावफळी, आणि तीसुद्धा या वर्षीची नव्हे, पुढच्या वर्षीची. मी गच्चीवरच्या खोलीत राहायला आलो त्या दिवशी भाडं आणि पाण्याची वेळ सांगायच्या आधी त्यांनी मला सांगितलं, "पुढच्या साली बॅकलाइन टाइट हाय." मला वाटलं, पाइपलाइनबद्दल काही असेल. मी म्हटलं, "बरं झालं काका."

माझी बाजू सांगायला हवी. मी पत्रकांवर वाढलेला माणूस आहे. आईवडील दोघेही चळवळीत. उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर आम्ही बसायचो, पत्रकावर शेंगदाणे घेऊन खायचो, आणि मला अक्षरं लागली तीही 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. घरमालक या वर्गाविषयी त्या पत्रकांत जे छापलेलं असे ते मला अजून पाठ आहे. एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी मिळाली म्हणून मी नाशिकला आलो तेव्हा या वर्गाशी दोन हात करायच्या तयारीनेच आलो होतो. काकांनी तशी संधी दिली नाही. मूळचे देवळ्याचे, घरची शेती भावाकडे सोपवून तरुणपणी इकडे आलेले, बाजारात बिजागऱ्या, कड्या, खिळे-स्क्रूचं दुकान. त्यांनी माझ्याकडून कधी काही जादा मागितलं नाही, मागितली ती फक्त माझी उंची. "पाच-दहा असशील," पहिल्याच आठवड्यात त्यांनी जिन्याखाली उभं राहून विचारलं, आणि मी "अकरा" म्हटल्यावर त्यांनी जिन्याच्या कठड्याला धरून डोळे मिटले.

माणूस दिसला की तो बचावात कुठे बसेल हे बघायची त्यांना सवय आहे. एकदा ते काकूंबरोबर त्र्यंबकेश्वराला गेले. मीही होतो, सामान धरायला. तत्त्वाचा प्रश्न म्हणून मी रांगेबाहेर उभा होतो. रांगेत मध्येच घुसू पाहणाऱ्या एका अख्ख्या कुटुंबाला एका बाईंनी निव्वळ कोपर आणि पिशवी यांच्या जोरावर थोपवलं. काकांचं देवाकडचं लक्ष संपलं. ते पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, मुलगा हाय का तुम्हाला?" बाईंनी काकांना आणि काकूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलाचं शिक्षण, नोकरी, जळगावचा फ्लॅट असं सगळं व्यवस्थित सांगितलं. काकांनी उंची विचारली. बाईंनी सांगितली. वजन विचारलं, तेही सांगितलं. मग काकांनी विचारलं, "डावा पाय कसा हाय त्याचा?" बाईंचा चेहरा बदलला. "डाव्या पायाला काय झालंय? कुणी सांगितलं तुम्हाला?" पुढचं संभाषण काकूंनी काकांचा शर्ट मागून ओढून संपवलं. मी रांगेबाहेर होतो, ओळख न दाखवण्याची मला पूर्ण मुभा होती, आणि ती मी घेतली. काकांनी मात्र भर गर्दीत मला हाक मारली (छापखान्यात आहे म्हणून मी त्यांचा लेखक), "लेखका, लेफ्ट बॅक होता रे, गेला हातातून."

हरलेल्या सामन्याचा हिशेब हा त्यांचा खरा प्रांत. सामना रेल्वे लाइनपलीकडच्या मैदानावर असतो, काका टचलाइनशी प्लास्टिकच्या खुर्चीवर असतात, आणि आम्ही हरतो. एकदा सहा-एक असे हरलो. स्कूटरवर मागे बसून मी म्हटलं, "काका, सहा." ते म्हणाले, "कुठे सहा? दोन ऑफसाइड. एक वाऱ्याने गेला. एक आपल्याच पोराने घातला, तो घरातला हाय, तो नाय धरायचा. राहिले किती? दोन. दोन गोल कोणीपण खातं." घर येईपर्यंत आमची बचावफळी जिल्ह्यातली बऱ्यापैकी फळी झालेली होती. काकूंनी दार उघडलं, चेहरे पाहिले आणि म्हणाल्या, "मागच्या दाराला कडी बसवा म्हणून किती वर्षं झाली सांगते आहे. दोरीने बांधते मी दार. दुकान कड्यांचं, आणि हे चालले गावाचं मागचं दार लावायला."

'आधार नसलेली आशा ही जनतेची फसवणूक असते' असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. ते मी काकांना मुद्दाम वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली, आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय. मग आधार शोधू की. उंच पाहिजे पण."

तो आधार त्यांना मिळाला एका सकाळी, वर्तमानपत्रात. रस्ता रुंद करायला आमच्या भागातली वडाची झाडं तोडायची होती. आम्ही काही जण आडवे गेलो. घोषणा जोरात होत्या, त्यातल्या निम्म्या माझ्याच होत्या. मग जेसीबी सुरू झाला, पुढे आला, सगळे बाजूला झाले, आणि मी एकटा त्याच्यासमोर उरलो. ड्रायव्हरने ब्रेक मारला. दुसऱ्या दिवशी फोटो आला. वडिलांनी गावाहून फोन केला. त्यांनी माझं कौतुक केल्याचं मला तरी आठवत नव्हतं, त्या दिवशी केलं. मित्रांनी तो फोटो पुढच्या पत्रकावर छापला. सगळ्यांना त्यात निर्धार दिसला. काकांना पाय दिसले. ते वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर आले, धापा टाकत, आणि म्हणाले, "पायांत अंतर बघ. असा राइट बॅक मी आजवर बघितला नाय. एवढं मोठं मशीन अंगावर आलं आणि गडी जागचा हलला नाय." त्यांनी त्या फोटोग्राफरला गाठून मोठी प्रत करून आणली आणि दुकानाच्या काउंटरवर काचेखाली ठेवली. बिजागरी घ्यायला आलेल्या माणसाला बिजागरीच्या आधी तो फोटो बघावा लागे. "हाच तो. आमचा राइट बॅक. वरच्या खोलीत राहतो."

मग त्यांनी मला संघात उतरायलाच सांगितलं, आणि नाही म्हणायला मला जमलं नाही. ज्याने जेसीबीला नाही म्हटलं त्याने कड्या विकणाऱ्या म्हाताऱ्याला नाही म्हणावं, हे कसं दिसेल, असा काहीतरी विचार मी केला असावा. थंडीतल्या स्पर्धेत मी कॉलनीकडून राइट बॅक म्हणून उतरलो. समोरचा विंगर माझ्या खांद्याएवढा होता. तो माझ्या डावीकडून गेला, मग उजवीकडून गेला, मग, मला वाटतं नुसतं बघायला म्हणून, माझ्या दोन पायांमधून बॉल घालून गेला. काकांना आवडलेलं अंतर तेच. मी जागचा हललो नाही. टचलाइनवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, त्याला हलवायला जेसीबी बोलवा." मैदान हसलं. आमचा गोलकीपर मुश्ताक, जो बिचारा रोज सकाळी दूध घालून मग सरावाला येतो, तोही हसला, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, तू फक्त बाजूला हो. मला बॉल तरी दिसेल." काका हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते आणि मला हाताने सांगत होते, शाबास, असाच थांब.

स्पर्धा संपल्यावर कॉलनीची बैठक आमच्या गच्चीवर झाली. पोरं सरावाला येत नाहीत, क्लास असतात, मोबाइल असतो. आणि आलेली पोरं दर आठवड्याला मार खाऊन परत जातात. पुढच्या साली संघ उतरवूच नये असं बहुतेकांचं मत पडलं. कुणी वाईट बोलत नव्हतं. उलट सगळे इतक्या हळू आवाजात बोलत होते की आजाऱ्याच्या खोलीत बसल्यासारखं वाटत होतं. काका गुडघ्यावर हात देऊन उठले. "एक साल द्या," ते म्हणाले. "राइट बॅक आत्ता कुठे तयार व्हायला लागलाय." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सगळी गच्ची माझ्याकडे वळली. मी पाण्याच्या टाकीला टेकून उभा होतो. एक-दोघांनी हसू दाबलं. मुश्ताकने खाली पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, "ठीके काका, एक साल." ते संघाला दिलेलं नव्हतं, त्यांना दिलेलं होतं, आणि हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना कळलं, असं मला वाटलं.

त्या रात्री मला माझंच वाक्य आठवत राहिलं, आधार नसलेल्या आशेचं. आता तो नसलेला आधार मी होतो. मी गप्प राहिलो तर फसवणूक, आणि खरं बोललो तर संघ बुडणार, कारण माझ्या नावावर मागितलेलं साल माझ्याबरोबरच जाणार. तरी सकाळी मी दुकानात गेलो. काका खिळे तोलत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबलो.

"काका, एक सांगायचंय."

"काय शे?" ते म्हणाले. मन मोकळं असलं की ते देवळ्याकडचं बोलतात.

"तो फोटो खोटा आहे. म्हणजे फोटो खरा आहे. पण मी उभा राहिलो नव्हतो. मला पळायचं होतं. पायच हलेनात. घाबरलो होतो मी. बाकीचे बाजूला झाले, मला तेवढंही जमलं नाही. वडिलांनासुद्धा सांगितलेलं नाही."

काकांनी तराजूतले खिळे परत डब्यात ओतले. मग काचेवरचा कागदी पसारा बाजूला सारला आणि त्या मोठ्या फोटोतल्या माझ्या तोंडावर बोट ठेवलं. वर्तमानपत्रातल्या छपाईत ते दिसत नव्हतं, आणि काउंटरपाशी आलो की मी त्या फोटोकडे बघायचंच टाळत आलो होतो. त्यात माझे डोळे गच्च मिटलेले होते. लहान मूल इंजेक्शनच्या वेळी मिटतं तसे.

"मला माहीत हाय," ते म्हणाले.

"पहिल्यापासून?"

"प्रत मोठी कशाला करून आणली मी? तोंड बघायला. पाय तर पेपरातच दिसत होते." त्यांनी खिशातून रुमाल काढून काच पुसली. "डोळे मिटले होते, खरंय. पण जेसीबी थांबला ना? आता डोळे उघडे ठेवून तसंच थांबायला शिकवू. एक साल हाय हातात. साल कमी नाय."

 पत्रकात त्याला उत्तर नाही.

आता उन्हाळा आहे. सकाळी ऊन चढायच्या आत मी आणि मुश्ताक मैदानावर असतो. तो दुधाचे कॅन गाडीवरच ठेवून माझ्याकडे बॉल मारतो, मी डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करतो, काका खुर्चीवर गुडघे चोळत बसतात आणि दर दहा मिनिटांनी म्हणतात की फरक पडतोय. फरक पडलेला नाही. पुढच्या साली आम्ही हरणार आहोत, हे मी कुठल्याही पत्रकावर सही करून लिहून देईन. काकूंचं मागचं दार अजून दोरीनेच बांधलेलं असतं.

परवा संध्याकाळी मी दुकानात किल्ली न्यायला गेलो होतो. विंचूरचे एक शेतकरी कांद्याच्या चाळीच्या दारासाठी बिजागऱ्या बघत होते. काकांनी बिजागऱ्या बाजूला ठेवल्या, काचेवर टिचकी मारली आणि त्यांना फोटो दाखवला. एरवी या क्षणी मी मागच्या गोदामात जातो. तिथे खिळ्यांच्या पोत्यांमागे गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायची माझी ठरलेली जागा आहे. "हाच तो," काका म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "पुढच्या साली बॅकलाइन टाइट हाय." त्या गृहस्थांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. माझे कान तापले. गोदामाचं दार दोन पावलांवर उघडंच होतं. मी काउंटरपाशी उभा राहिलो, आणि डोळे उघडे ठेवले.