इंग्रज बाईच्या तोंडी आई

बिरवाडीत आईची खानावळ आहे. कारखान्यांतले कामगार दुपारी तिथं जेवायला येतात आणि भाकरीबरोबर आईची बोलणीही खातात. महाडला कॉलेजात असताना मला तिच्या ‘नाय’ची आणि ‘हाय’ची लाज वाटायची. मैत्रीण घरी येणार असली की मी सांगायचे, “आई, आज जरा नीट बोल हं.” मग ती गप्पच बसायची.

पुढे मी परदेशी सिनेमांचे संवाद मराठीत लिहायला लागले. मध्यंतरी एक ब्रिटिश विनोदी सिनेमा आला. तिकडच्या टीव्हीवर खूप वर्षं चाललेल्या मालिकेवरून काढलेला. त्यातलंच भांडखोर जोडपं, आता मोठ्या पडद्यावर. एका जागी मी अडकले. नवरा छाती पुढे काढून म्हणतो, या घरात राज्य माझं. इंग्रजीत राज्यकर्त्याला आणि फूटपट्टीला शब्द एकच, ‘रूलर’. बायको म्हणते, मग पडद्यांची मापं घे. मराठीत त्यात हसण्यासारखं काही उरेना. दोन दिवस तसेच गेले.

तिसऱ्या दिवशी आई भाकऱ्या थापत होती. तिच्याजवळ बसून मी तो प्रसंग सांगितला. “आणि नवरा म्हणतो, मी या घरचा राजा.”

तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, “राजा गडावर. हितं ताट घासायचं.”

मला हसू आवरेना. तशीच उठले आणि लिहून काढलं. पडद्यावरच्या बाईच्या ओठांवर ते वाक्य नेमकं बसलं.

मुंबईहून डबिंगच्या दिग्दर्शकांचा फोन आला. “छान आहे, पण ‘हितं’चं ‘इथे’ करा.”

“नको सर. ‘इथे’ केलं की ती बाई भाषण देते आहे असं वाटतं.”

त्यांना नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. ते म्हणाले, “मग आमच्या नटीला शिकवणार कोण?”

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी फोन आईच्या कानाला लावला. तिचे हात पिठात होते. तिनं वाक्य तीनदा म्हणून दाखवलं आणि नटीला बजावलं, “वरडू नको गो. खरं हाय त्ये सांगायचं, आन् कामाला लागायचं.” नटीनं तसंच केलं.

सिनेमा मराठीत ऑनलाइन आला तेव्हा खानावळीतल्या टीव्हीवर लावला. ते वाक्य आलं आणि ताटावरचे सगळे एकदम आईकडे वळले. पाचाडचे एक वयस्क कामगार म्हणाले, “वैनी, ह्यो तर तुमचा आवाज!”

“आवाज तिचा. बोलनं माजं,” आई म्हणाली.

त्यांनी ती जागा पुन्हा लावायला लावली. एरवी वाढताना न थांबणारी आई आमटीचं भांडं हातात घेऊन टीव्हीसमोर उभी राहिली. मी तिच्याकडेच बघत होते. पदवी घेतानाही माझा ऊर इतका भरून आला नव्हता.

“बरी बोलते बाई,” ती म्हणाली, आणि पुढच्या ताटात आमटी वाढायला वाकली.