शिसे, आवळा आणि योगेशचे हात

शिरड शहापूरच्या हमरस्त्यालगत योगेश राठोड याचे बॅटऱ्या दुरुस्त करण्याचे दुकान आहे. जवळच्या बंजारा तांड्यातला हा बत्तीस वर्षांचा गृहस्थ गेली नऊ वर्षे ट्रॅक्टरच्या निकामी बॅटऱ्या उघडत आला आहे. जुन्या प्लेटांतले शिसे स्टोव्हवर वितळवायचे आणि बॅटरीची तारा जोडायची तुटलेली टोके नव्याने ओतायची, हे त्याचे खास कसब. त्याने ओतलेले टोक पुन्हा तुटून आल्याचे कोणी सांगत नाही.

विवाहाला पाच वर्षे झाली, तरी घरात मूल नव्हते. उपास, नवस आणि दोन वेळच्या वैद्यकीय तपासण्या हे सारे पत्नी निलमच्या वाट्याला आले. योगेशच्या वाट्याला केवळ थट्टा आली. "योगेशसेठ, साऱ्या गावाच्या बॅटऱ्या चारज करून राहिला, घरचं बी बघा जरा," असे भागवत नावाचे गिऱ्हाईक म्हणे आणि सारे हसत. योगेशही हसे.

एके दिवशी निलमने ताट वाढता वाढता सांगितले, "माझ्यात काई न्हाई, दोनदा कागद आला. आता तुमी जा."

तिसऱ्या दिवशी तो तपासणीला हिंगोलीला गेला.

अहवालात शुक्राणूंची संख्या फार कमी निघाली. डॉक्टर शिवकन्याबाईंनी त्याचा व्यवसाय विचारला आणि रक्तातले शिसेही तपासून घेतले. ते बरेच वाढलेले होते. त्या म्हणाल्या, "लोखंडाला गंज चढतो ना, तसंच काहीसं शिशामुळे शरीरातल्या पेशींचं होतं. बीज तयार होतं तिथंही होतं. आवळा, शेवग्याचा पाला, हळद यांतली द्रव्यं हा गंज थोपवायला मदत करतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांत तितका पुरावा अजून नाही. खा, पण आधी शिशापासून दूर व्हा."

मनुष्य उपदेशातला आपल्या सोयीचा अर्धाच भाग उचलतो. योगेशनेही आवळा तेवढा उचलला. निलम रोज पाच आवळे मीठ लावून डब्यात देई. स्टोव्ह पेटलेला असे, कढईत शिसे वितळत असे आणि हा व्रतस्थासारखा एकेक आवळा चघळत असे. आमलकीला, म्हणजे आवळ्याला, आपल्या परंपरेने शक्तिवर्धक रसायनांत अग्रस्थान दिले आहे. तिच्यावर त्याने सगळा भार टाकला.

तीन महिन्यांनी दुसरा अहवाल आला. शिसे कमी होण्याऐवजी वाढले होते.

"आवळे कुठं बसून खाता?" डॉक्टरांनी विचारले.

"दुकानातच. काम करता करता."

"हात धुऊन?"

योगेशने हात पुढे धरून पाहिले. नखांच्या कडांत, बोटांच्या रेषांत करडी भुकटी मुरलेली होती. औषध म्हणून तो जे तोंडात घालत होता, त्यालाच विष चिकटून जात होते. निदानपरिवर्जन, म्हणजे रोगाच्या कारणाचा त्याग, ही आयुर्वेदाने सांगितलेली पहिली चिकित्सा. हा शब्द त्याने कधी ऐकलेला नव्हता, परंतु अर्थ त्याला त्या क्षणी कळला.

घरी परतला तो अंगणात माणसे बसलेली. आई भिकाबाईने हट्ट्याकडच्या एका तांड्यातून गोपीचंद नावाच्या गृहस्थाला बोलावले होते. त्याच्या मुलीशी योगेशचे दुसरे लग्न लावायचे, निलमला माहेरी धाडायचे, असा तिचा बेत होता. निलम चुलीपाशी पाठमोरी बसून चहा गाळत होती.

योगेश उभ्यानेच म्हणाला, "काका, पोरगी देऊ नका. तकलीफ माझ्या रक्तात हाय. शिसं भरलंय. निलममधी काईच खोट न्हाई."

"अरे, असलं घरात सांगावं. चारचौघांत काहून?" गोपीचंद खालच्या आवाजात म्हणाला.

"तिला नावं चारचौघांतच ठेवली व्हती, काका."

"लाज सोडली का रे लेकरा?" भिकाबाई म्हणाली.

"याडी," तो आईला म्हणाला, "लाज पाच वर्सं धरली. त्या लाजेपायी तपासणीला गेलो न्हाई."

गोपीचंदाने निलमच्या हातचा चहा घेतला आणि तो उठला. आठवडाभराने एका सकाळी भिकाबाईने शेवग्याचा पाला आणून निलमच्या पुढ्यात ठेवला.

योगेशने शिसे वितळवणे थांबवले. आता तो तयार टोके आणून बसवतो. ओतकामासाठी येणारी काही गिऱ्हाइके तुटली, भागवतही दुसरीकडे गेला. कामाचे कपडे तो दुकानातच बदलतो, साबणाने घासून हात धुतो आणि जेवायला घरी येतो. आवळे चालू आहेत, ते घरच्या ओट्यावर.

सात महिन्यांनी तिसरा अहवाल आला. शिसे निम्म्याहून खाली उतरले होते आणि शुक्राणूंची संख्या वाढली होती, पण पुरेशी नव्हती. निलम शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

"सुधारणा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण मूल होईलच अशी खात्री मी देत नाही."

"खात्री नका देऊ, म्याडम," योगेश म्हणाला. "पुढची तारीख द्या."